मामाच्या पायाला हात

स्वतःला सुया लावायला शिकलं की एक गोष्ट फार लवकर कळते: आपला हात आपल्या पाठीपर्यंत पोचत नाही. गुडघ्याखाली सुई लावता येते, पोटावर येते, आरशात बघून कपाळालाही येते. पण दोन खांद्यांच्या मधली जागा दुसऱ्या माणसासाठी राखलेली असते. आमच्या अभ्यासात त्या जागेवर एक मोठा धडा आहे. तो धडा मी गोंदिया जिल्ह्यात, बिरसीजवळच्या एका गावात, मामाच्या घराच्या मागच्या खोलीत एकटीने केला. म्हणजे नुसता वाचला.

मी चिनी वैद्यक शिकते. आमच्या भागातली मुलं डॉक्टर व्हायला चीनला जातात, ते आता लोकांच्या सवयीचं झालं आहे; पण ती इंजेक्शनं देणारी डॉक्टरकी. मी गेले ती नाडी, सुया आणि काढे शिकायला. हे गावात समजावून सांगताना मला घाम फुटायचा. शेजारच्या काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आपल्या वैदूवानीच नं? मंग एवढ्या दूर कायले गेली?" शिष्यवृत्ती तिथली मिळाली होती, हे एक कारण. दुसरं कारण मला खूप नंतर कळलं, आणि ते सांगायचं तर आधी मामाबद्दल सांगायला हवं.

आम्ही पोवार. आमच्यात मामा भाचीच्या पाया पडतो. त्याचे केस पांढरे झालेले असोत की तो गावचा पाटील असो, भाची दारात आली की तो वाकतो, तिच्या पायांना हात लावतो आणि तो हात कपाळाला लावतो. भाचीने मात्र मामाच्या पायांना हात लावायचा नसतो. लागलाच, तर पाप त्याच्या माथी. सुट्टीत चार दिवस मामाकडे जाणाऱ्या मुलीला याची मजा वाटत असेल. मी मात्र मामाकडेच राहायचे.

आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मामा मला बालाघाटकडून आपल्या घरी घेऊन आला. त्याला दोन मुलगे, दोघंही माझ्याहून मोठे. ते दिवसभर त्याच्या शिव्या खायचे. "गधे हो, बैल कोण सोडंल?" "गध्या, ताटातलं कोण खाईल?" मामाचं तोंड म्हणजे उघडा राहिलेला नळ. मी समोर आले की नळ बंद. मला तो भाचीबाई म्हणायचा. पहिली भाकर मला, दुधावरची साय मला, आणि आवाज चढवायचा नाही.

एकदा आम्ही तिघांनी शेजारच्या वाडीतली वाळकं चोरली. दोघा भावांना बांबूच्या कमचीचे फटके बसले. मी तिसरी, हात पुढे करून रांगेत उभी. मामाने माझ्याकडे पाहिलं, कमची भिंतीला टेकवली, खाली वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "बाई, घरात जा." मोठा भाऊ नाक पुसत म्हणाला, "तू देव आहेस नं, मंग मंदिरात जाऊन राय." त्या दिवशी मी खूप रडले. मार मिळाला नाही म्हणून रडणारी सगळ्या गावात मी एकटीच असेन.

मामाने मला कधी जवळ घेतल्याचं आठवतं ते एकदाच. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गर्दी फार होती आणि मी चेंगरले असते, म्हणून त्याने मला खांद्यावर बसवलं. माझे दोन्ही पाय त्याने छातीशी घट्ट धरले होते. तेवढंच. बाकी त्या घरात माझं काही कमी पडलं नाही, आणि मला कुणी हातही लावला नाही.

म्हणूनच मला हात लावायचं शिक्षण आवडलं असावं. पहिल्याच आठवड्यात आमच्या बाईंनी वर्गात जोड्या लावून आम्हाला समोरासमोर बसवलं आणि एकमेकांचं मनगट धरायला सांगितलं. "आधी आपला हात गरम करा," त्या म्हणाल्या. "थंड हाताला कुणी खरं सांगत नाही." माझ्या जोडीला लाओसची एक मुलगी आली. तिने माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि इतका वेळ गप्प बसली की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंना वाटलं तिने जोरात दाबलं. मग वर्षभर आम्ही एकमेकींवर सुया शिकलो. माझ्या पाठीवर डावीकडे तीळ आहे, हे मला तिने सांगितलं. इतक्या वर्षांत सांगणारं कुणी भेटलंच नव्हतं.

तिकडच्या नवीन वर्षाच्या सुट्टीत मी थोड्या दिवसांसाठी घरी आले आणि मागे चीनचं दार लागलं. तो आजार आणि ती बंदी सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यावर आणखी काय लिहू? माझ्यापुरतं एवढंच, की मी चीनहून आलेली होते. बायका मला बघून वाट बदलायच्या. हातपंपावर मी गेले की बादल्या मागे सरकायच्या. मी जीपमधून उतरले त्या दिवशी बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, अख्खी आळी ओट्यांवरून लांबूनच बघत होती, आणि मामा नेहमीसारखा पुढे आला, वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला. तो हात कपाळाला लावतानाही तो थांबला नाही. त्या माणसावर मी चिडते खरी, पण हे मी विसरलेले नाही.

शिक्षण मोबाइलवर सुरू झालं. तिकडे सकाळ आपल्या आधी होते, त्यामुळे वर्ग इथे उजाडतानाच भरायचा. मी मागच्या खोलीत चिनी भाषेत उत्तरं द्यायची आणि पलीकडे चूल पेटवणारी मामी ओरडायची, "काऊन वो, सकारी सकारी कोनासंगं भांडून रायलीस?" त्या भाषेचे चढउतार तिला भांडणासारखेच वाटायचे. मी भांडत नव्हते, पण भांडायला तरी कुणीतरी हवं होतं असं अनेकदा वाटलं. वर्ग संपला की दिवसभर ती भाषा बोलायला गावात एक माणूस नव्हता. भावही आपापल्या नोकऱ्यांवर, एक नागपूरला, एक रायपूरला.

दुपारी घरावरून बिरसीच्या विमान शिकवणाऱ्या शाळेची छोटी विमानं फिरायची. एक शिकाऊ वर चढायचा, गावाला वळसा घालायचा, खाली उतरायचा आणि पुन्हा वर. कुणाला कुठे न्यायचं नाही की कुठून आणायचं नाही. मी अंगणात बसून स्वतःच्या पायाला सुई लावायची, काढायची आणि पुन्हा लावायची. आमचं दोघांचं बरं जमायचं.

लोकांची भीती ओसरल्यावर थट्टा सुरू झाली. "चायना माल आहे, गॅरंटी नाई," असं म्हणत पोरं हसायची. कुणी मजा म्हणून मनगट पुढे करायचं आणि सुई बघितली की काम आठवायचं. मामी नाडी बघू द्यायची, तीही भाजी निवडताना, एकाच हाताची. लाओसची मुलगी सुरुवातीला रोज फोन करायची, मग कधीमधी. मग ती तिच्या मावशीच्या दुकानात बसायला लागली, आणि एक दिवस वर्गाच्या पडद्यावर तिची चौकट दिसली नाही. तिने मला कळवलंही नाही. मला तिचा राग आला नाही, फक्त पाठीत गार वाटलं.

दुसऱ्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या वेळी मामा बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे भातखाचराच्या बांधावरून, घसरला आणि आदळला तो कंबरेवर. गोंदियाच्या डॉक्टरने फोटो काढला, हाड शाबूत आहे म्हणाला, गोळ्या दिल्या. मुका मार गेला, पण एक कळ राहिली. ती कंबरेतून निघायची आणि मांडीच्या मागून थेट टाचेपर्यंत उतरायची. मला ती कळ पुस्तकातून पाठ होती. तिच्यासाठीच्या मुख्य जागा दोन: एक गुडघ्याच्या मागे, एक बाहेरच्या घोट्याच्या मागे खोलगट भागात. दोन्ही पायावर.

"मामाजी, पाय पायू द्या," मी म्हटलं.

मामाने पाय धोतरात ओढून घेतले. "नाई वो भाचीबाई. हात घे. हात घे पायजे तर."

कंबरेसाठी हातावरही जागा आहेत, तळहाताच्या मागच्या बाजूला. मी रोज सकाळी त्याच्या हाताला सुया लावू लागले आणि तो रोज म्हणायचा, "लय बरं वाटून रायलं." मी खूश. बाईंना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलंसुद्धा की माझा एक पेशंट सुधारतो आहे. मग एकदा मी आपणहून शेण टाकायला गोठ्यामागे गेले तर मामा तिथे भिंतीला डोकं टेकवून उभा होता, एक पाय उचललेला, दात आवळलेले. मला बघताच तो सरळ झाला आणि गाईला उगीच दोन शब्द बोलला.

मला इतका संताप आला की हातातली टोपली मी तिथेच आपटली. महिनाभर हा माणूस माझं मन राखत होता. प्रसाद कडू लागला तरी देवाला कुणी सांगायला जात नाही, तसंच हे. बाई म्हणाल्या होत्या, थंड हाताला कुणी खरं सांगत नाही. माझा हात थंड नव्हता, पण मी भाचीबाई होते.

"तुमी खोटं काऊन बोलून रायले?" मी ओरडले. "मी डॉक्टरकी शिकून रायली नं? पायाले हात लावल्याबिगर होत नाई हे!"

"दुनियेची डॉक्टर होय," मामा हळू म्हणाला. "माही भाचीबाई आहेस." मग तो बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तुह्या मायले का सांगू मी? तुही पोरगी घरी आनली, अन् तिच्याकडून पाय दाबून घेतले?"

माझ्या आईबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता आणि तेही मला गप्प करायला. तेव्हा मला समजलं की त्या घरात इतकी वर्षं मी कुणाची मुलगी म्हणून वाढलेच नव्हते. मी त्याच्या बहिणीची ठेव होते. ठेव जपतात, तिला कुणी रागावत नाही, कामाला लावत नाही आणि तिच्यासमोर कण्हतही नाही. मला ठेव व्हायचं नव्हतं. त्या घरात मला एवढं एकच हवं होतं, आणि ते कुणाला सांगायचं हेच कळत नव्हतं. मी शेण उचललं आणि आत आले.

दिवाळीत त्याने दाराची चौकट धरून माझ्या पायांना हात लावला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा होता. "काई नाई, काई नाई," तो म्हणाला. मी हाताला सुया लावणं बंद केलं. तोही मागायला आला नाही. पुढचे कित्येक महिने आम्ही दोघं एकमेकांशी फार सांभाळून वागलो, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं.

मग एकदाची बंदी उठली. शिल्लक राहिलेलं शिक्षण रुग्णालयातलं होतं, ते पडद्यावर होणारं नव्हतं, आणि मला परत बोलावणं आलं. गोंदियाहून हावड्याची गाडी, तिथून पुढे विमान. निघायच्या सकाळी मामीने ओसरीवर पाट मांडला, मला कुंकू लावलं, हातावर दही ठेवलं. काळीपिवळी जीप यायची होती. मामा धुतलेलं धोतर नेसून आला.

तो वाकायला लागला तसं मी म्हटलं, "मामाजी, राहू द्या."

"राहू कसं देऊ? एवढ्या दूर जाऊन रायलीस." तो आणखी वाकला. अर्ध्यावर काहीतरी आत अडकलं. त्याचा हात माझ्या पायांच्या दिशेने लांब झालेला, पण बोटं पोचत नव्हती, आणि वरही येता येत नव्हतं. तोंडातून आवाज नाही, फक्त श्वास. मामीने आणि मी त्याला दोन्हीकडून धरून हळूहळू जमिनीवर बसवलं, पाठ खांबाला लावली. त्याचे डोळे भरून आले होते. दुखण्याने नाही. "पाया पडल्याबिगर पाठवू का तुले?" तो म्हणत होता. "कशी पाठवू?"

माझं डोकं फिरलं. मी पाटावरून उठले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून दोन्ही पाय त्याच्याकडे लांब केले.

"हे घ्या माझे पाय. धरा. पायजे तेवढा वेळ धरून बसा. पण तुमचा पाय इकडे द्या."

"पाप लागंल वो..."

"मंग सोडू नोका. तुमचे हात माझ्या पायाले, माझे तुमच्या पायाले. जे लागंल ते तिथल्या तिथं फिटंल."

मामा मामीकडे बघत राहिला. मामी दह्याची वाटी घेऊन उभी होती. आयुष्यभर तिने या बाबतीत तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "द्या नं तिले पाय. तिनं शिकाचं कोनावर, माह्यावर का? मले सुईचं भेव लागते." आणि वाटी ठेवायला आत गेली.

मामाने माझे पाय धरले. दोन्ही हातांनी, घट्ट, मंडईत धरले होते तसे. मी पिशवीतून सुयांची डबी काढली, तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि त्याचा डावा पाय मांडीवर घेतला. ज्या पायांच्या मागे मागे मी बांध्यांमधून चालत मोठी झाले, तो पाय कसा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. टाचेच्या भेगांत चिखल कायमचा बसलेला, अंगठ्याचं नख काळं, आणि घोट्यामागे लहान मुलासारखी मऊ कातडी. ती जागा मी बोटाने शोधली. दाबल्यावर त्याचा पाय थरारला. वरून विमानाचा आवाज आला आणि गेला. मी सुई लावली.

"अवो, मरलो नं!" मामा किंचाळला. "हळू कर नं, गधे!"

आतून मामी दारात येऊन उभी राहिली. मामाचं तोंड उघडंच राहिलं होतं. शब्द परत आत घेता आला असता तर त्याने घेतला असता. मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं आणि रडूही, आणि सुई हातात असताना दोन्ही चालत नाही.

"हलू नोका," मी म्हटलं. "अजून एक आहे."

दुसरी सुई गुडघ्यामागे लागली तेव्हा त्याने मला आणखी दोन शिव्या दिल्या. त्यातली एक एरवी मोठ्या भावाला मिळायची, मी ओळखली. मग सुया तशाच ठेवून आम्ही बसून राहिलो. त्याने माझे पाय सोडले नाहीत.

जीपवाला भोंगा वाजवत आला आणि एकच धावपळ उडाली. मी सुया काढल्या. माझ्या दोन सुयांनी मामाची कंबर सुटली असं मी म्हणणार नाही. तो उठला तोही खांबाला धरूनच. पण उठल्या उठल्या त्याचा नळ सुरू झाला. जीपवाल्याला भोंग्याबद्दल, मामीला डब्याबद्दल आणि मला पाण्याच्या बाटलीबद्दल. "बाटली इथंच ठेवून चालली! ध्यान कुठं रायते तुहं?" बाटली त्याने खिडकीतून माझ्या मांडीवर फेकली, जीप निघाली, आणि वळणापर्यंत तो काहीतरी ओरडत होता, ते मला ऐकू आलं नाही.

गोंदियाच्या फलाटावर गाडीला वेळ होता. बाकावर बसून मी चपला काढल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतका वेळ पाय धरून बसला, पण शेवटी पाया पडायचं राहिलंच होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला तसंच जाऊ दिलं होतं. मी फोन लावला.

"मामाजी, स्टेशनवर पोचली."

"गाडी आली का?"

"नाई अजून." मग मी विचारलं, "मामाजी, काही राहिलं का?"

तिकडे मागे मामीच्या भांड्यांचा आवाज येत होता, आणि वर कुठेतरी विमान. त्यालाही ते आठवलं होतं. त्याला विसर पडणं शक्यच नव्हतं.

"काई नाई रायलं," मामा म्हणाला. "फोन ठेव अन् सामानावर ध्यान दे, गधे."